सिस्टिक फायब्रोसिस: प्रतिकारशक्ती शाबूत असूनही फुफ्फुसातला जंतू जात का नाही?

अबोली

परवा बहिणीचा फोन आला. भाच्याच्या बेडक्याच्या कल्चरचा, म्हणजे त्यातले जंतू वाढवून पाहायच्या तपासणीचा, रिपोर्ट तिच्या हातात होता. "पुन्हा तोच. स्यूडोमोनास. रोज दोन वेळा नेब्युलायझर, सकाळ-संध्याकाळ फिजिओ, मध्येच शिरेतून अँटिबायोटिक, तरी हा हलायला तयार नाही. त्याची प्रतिकारशक्तीच कमी आहे का गं?"

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. असे नमुने रोज हाताखालून जातात. तरी तिला धड उत्तर देता आलं नाही. तिचा आवाज ऐकून माझेच शब्द अडकले. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. धागा तिलाही वाचायला देणार आहे. इथे सीएफची (म्हणजे सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराची) मुलं असलेले, स्वतः सीएफ असलेले बरेच जण आहेत, त्यांनी जरूर भर घालावी.

आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, कमी नाही. वर्षानुवर्षं फुफ्फुसात ठाण मांडून बसलेला हा जंतू रक्तात क्वचितच उतरतो, यावरूनच ती किती जागी आहे ते कळतं. फुफ्फुसात तर ती अहोरात्र राबते, गरजेपेक्षा जास्तच राबते. पण जंतू तिच्या हाती लागत नाही, आणि तिच्या त्या राबण्यात फुफ्फुसच झिजत जातं.

सुरुवात होते ती श्वासनळीच्या अस्तरापासून. सीएफचं जनुक 1989 मध्ये सापडलं, सातव्या गुणसूत्रावर. त्यावरून बनणारं सीएफटीआर नावाचं प्रथिन म्हणजे पेशीच्या भिंतीतलं एक दार. त्यातून क्लोराइड आणि बायकार्बोनेट बाहेर येतात, त्यांच्यामागे पाणी येतं. हे दार बिघडलं की अस्तरावरचा पाण्याचा पातळ थर सुकतो. त्या थरात वल्ह्यांसारखे हलणारे बारीक केस कफाखाली दबून जातात, आणि एरवी घशाकडे सरकत राहणारा कफ जागच्या जागी चिकटतो.

इथपर्यंतची माहिती बहुतेक पालकांना असते. बायकार्बोनेटबद्दल मात्र फारसं कुणी सांगत नाही. कफातली प्रथिनं पेशीतून बाहेर पडतात तेव्हा घट्ट घडी घातलेली असतात. ती घडी नीट उलगडायला बायकार्बोनेट लागतं. ते नसेल तर कफ चिवटच राहतो. शिवाय अस्तरावरचा द्रव किंचित आम्लधर्मी होतो आणि त्यातली जंतू मारणारी नैसर्गिक प्रथिनं मंदावतात. सीएफ असलेली डुकराची पिल्लं प्रयोगासाठी तयार केली गेली आहेत. 2012 च्या एका प्रयोगात त्या नवजात पिल्लांच्या श्वासनळीतल्या द्रवाची आम्लता कमी केल्याबरोबर त्याची जंतू मारण्याची ताकद वाढली. म्हणजे संसर्ग व्हायच्या आधीच पहिला पहारेकरी अर्धवट झोपेत असतो.

आता जंतूकडे येते. भाचा 6 वर्षांचा असताना स्यूडोमोनास पहिल्यांदा आला. तेव्हा श्वासावाटे टोब्रामायसिन हे अँटिबायोटिक दिलं आणि तो गेला. 10 व्या वर्षी परत आला आणि राहिला. आता भाचा 14 वर्षांचा आहे.

पहिल्या संसर्गातल्या स्यूडोमोनासची प्लेट, म्हणजे जंतू वाढवायची बशी, कशी दिसते ते सांगते. चपट्या, पसरत गेलेल्या कॉलनी (जंतूंचे डोळ्यांना दिसणारे ठिपके), कडा फाटक्या कापडासारख्या, वर धातूसारखी चमक. खालच्या फिकट माध्यमात हिरवा रंग उतरलेला. झाकण उचललं की पिकलेल्या द्राक्षांचा गोडसर वास येतो. बऱ्याच वर्षांच्या संसर्गातली प्लेट शेजारी ठेवली तर कुणालाही हा वेगळाच जंतू वाटेल. ओल्या, फुगीर, डिंकाच्या थेंबांसारख्या कॉलनी एकमेकींत मिसळलेल्या असतात. तारेच्या लूपनं टोचलं की चिकट तार ओढली जाते. हिरवा रंग बऱ्याचदा जवळजवळ नसतोच. आम्ही याला म्युकॉइड म्हणतो. रिपोर्टवर हा शब्द आला की डॉक्टरांचा चेहरा का बदलतो ते बहिणीनं मागे विचारलं होतं. म्युकॉइड होणं म्हणजे जंतूनं मुक्काम पक्का केल्याची खूण.

तो चिकट पदार्थ म्हणजे अल्जिनेट, साखरेच्या रेणूंची लांबच लांब साखळी. निरोगी जंतूत त्याच्या निर्मितीवर मक-ए नावाच्या जनुकाचा ब्रेक असतो. सीएफच्या फुफ्फुसात हा ब्रेक तुटतो आणि अल्जिनेट अखंड वाहू लागतं. 1999 च्या एका प्रयोगात या जंतूवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा मारा केला, तेव्हा मक-ए मध्ये बिघाड झालेले म्युकॉइड जंतू निर्माण झाले. हायड्रोजन पेरॉक्साइड हे आपल्याच पांढऱ्या पेशींचं शस्त्र. मारायला सोडलेल्या शस्त्रानंच जंतूला चिलखत मिळतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते.

या चिलखताच्या आत जंतूंचे पुंजके असतात. त्यालाच बायोफिल्म म्हणतात. अल्जिनेटच्या साखळीवर अॅसिटिल गट लटकलेले असतात, त्यामुळे रक्तातली कॉम्प्लिमेंट प्रथिनं त्याला नीट चिकटू शकत नाहीत. ती चिकटली नाहीत तर पांढऱ्या पेशीला "हा शत्रू, याला गिळ" अशी खूणच मिळत नाही.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. हा जंतू हळूहळू स्वतःच्या ओळखीच्या खुणा टाकून देतो. फ्लॅजेलम म्हणजे पोहायची शेपटी; आपल्या पेशींवरचा टीएलआर-5 नावाचा ग्राहक, म्हणजे जंतू हेरणारं प्रथिन, तिच्यावरूनच जंतू ओळखतो. जुन्या संसर्गात ती बऱ्याचदा गळालेली असते. बाह्य आवरणावरच्या साखरेच्या लांब साखळ्या झडतात. आवरणातल्या लिपिड-ए नावाच्या स्निग्ध रेणूची घडण बदलते. पेशीत विष टोचणारी सुई बंद पडते. एका सीएफ रुग्णाच्या वयाच्या 6 व्या आणि 96 व्या महिन्यात मिळालेल्या स्यूडोमोनासच्या जनुकसंचाची तुलना 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात 68 उत्परिवर्तनं सापडली, आणि तीव्र आजार घडवायला लागणारी जनुकंच त्यात वारंवार निकामी झालेली होती.

काही जण याला जंतूचा गनिमी कावा म्हणतात. मला ते पटत नाही. गनिमी काव्यात छापा असतो, माघार असते, पुन्हा छापा असतो. हा तर हत्यारं टाकून, वेश बदलून, गावातलाच होऊन बसतो.

---

दूरदिवा

अबोली, फार उपयोगी लिहिलंत. मुलगी 4 वर्षांची आहे, अजून स्यूडोमोनास आलेला नाही, पण दर कल्चरच्या वेळी पोटात गोळा येतो.

एक कळलं नाही. जंतू शांत बसला, विषही सोडेना, तर मग फुफ्फुस खराब कशानं होतं?

---

अबोली

दूरदिवा, दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. पूर्ण शांत नसतो तो, काही विकरं आणि रंगद्रव्यं सोडतच असतो. पण मोठं नुकसान आपल्याच न्यूट्रोफिलमुळे होतं.

न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी साधारण 10 ते 15 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग). फुफ्फुसातले जंतूंचे पुंजके 100 मायक्रॉनपर्यंतही असतात. पेशी एकटा-दुकटा जंतू सहज गिळते, हा पुंजका तिच्या तोंडात मावत नाही. मग ती आपल्या पोटातली विकरं बाहेरच ओतते. त्यातलं मुख्य म्हणजे इलॅस्टेज. बायोफिल्मला त्यानं फारसं काही होत नाही, श्वासनळीची लवचीक भिंत मात्र विरघळायला लागते. कुंपणच शेत खातं म्हणतात, तसं.

आणि इलॅस्टेज तिथेच थांबत नाही. जंतूला चिकटलेली प्रतिपिंडं ते तोडतं. न्यूट्रोफिलच्या स्वतःच्या पृष्ठभागावरचे ग्राहक, ज्यांनी ती जंतू पकडते, तेही कापतं. म्हणजे पेशींची फौज हजर, पण तिच्या हातातल्या काठ्या तिनंच मोडलेल्या.

ऑस्ट्रेलियात नवजात मुलांच्या तपासणीतून सीएफ सापडलेल्या बाळांचा अभ्यास झाला, तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या फुफ्फुसातून धुवून काढलेल्या द्रवात 3 महिन्यांच्या वयात सक्रिय इलॅस्टेज सापडलं, त्यांच्यात 3 वर्षांपर्यंत श्वासनळ्या कायमच्या रुंदावण्याचा, म्हणजे ब्राँकिएक्टेसिसचा धोका जास्त दिसला. इतक्या लवकर हे सुरू होतं.

मेलेल्या न्यूट्रोफिलमधून डीएनएचे लांब धागे बाहेर पडतात आणि कफ आणखी चिवट होतो. 1993 पासून वापरात असलेलं डॉर्नेज अल्फा हे नेब्युलायझरचं औषध नेमके तेच धागे कापतं. "कफ पातळ करणारं औषध" एवढंच आपण म्हणतो, पण कापतं ते आपल्याच मेलेल्या पेशींचे अवशेष.

अजून एक. या पेशी कफातला प्राणवायूही भराभर संपवतात. कफाच्या गाठीच्या आत प्राणवायू जवळजवळ उरत नाही. माणसाची पेशी तिथे लंगडी पडते. स्यूडोमोनासला फरक पडत नाही, तो प्राणवायूऐवजी नायट्रेटवर श्वसन करतो.

---

पिंपळपान

म्हणजे नातेवाईक जे प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे आणि गोळ्या सुचवतात त्याचा उपयोग नाही? आम्ही दोन वर्षं देतोय.

---

अबोली

पिंपळपान, या जंतूला घालवायला त्यांचा उपयोग होतो असा पुरावा नाही. कमतरता तिथे नाहीच. जे काही देताय त्याची यादी तुमच्या डॉक्टरांना एकदा दाखवा, कारण सीएफच्या काही औषधांशी वनस्पतींचे अर्क जुळत नाहीत. चांगलं वजन, पुरेशा कॅलरी, वेळच्या वेळी लसी, याचा मात्र खरा उपयोग आहे.

---

रानवारा

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. अबोलीताईंच्या लेखाला दोन गोष्टी जोडतो.

एक, प्रतिपिंडं. कोपनहेगनमध्ये नील्स हॉइबी या संशोधकांनी 1970 च्या दशकात दाखवलं की स्यूडोमोनासविरुद्ध प्रतिपिंडं जितकी जास्त, तितकी रुग्णाची प्रकृती वाईट. रक्षण करणारी गोष्ट वाढते आणि माणूस ढासळतो, हे तेव्हा अनेकांना चमत्कारिक वाटलं. प्रतिपिंडं आणि जंतूचे अंश एकत्र येऊन जी गुंतावळ होते ती न्यूट्रोफिलना आणखी बोलावते. पुढे असंही आढळलं की काही रुग्णांत जंतूच्या आवरणावरच्या साखळ्यांना एका प्रकारची प्रतिपिंडं इतकी दाट चिकटतात की कॉम्प्लिमेंटला आत शिरायला जागाच उरत नाही. जंतूला पांघरूण घालायला आपणच मदत करतो.

दोन, मग प्रतिकारशक्ती दाबून टाकावी का? हेही करून पाहिलं गेलं. दिवसाआड प्रेडनिसोन हे स्टेरॉइड दिल्यानं काही काळ फायदा दिसला, पण मुलांची उंची खुंटली, साखर वाढली, मोतीबिंदू झाले. न्यूट्रोफिलना बोलावणाऱ्या एका संदेशाची वाट अडवणाऱ्या औषधाची चाचणी तर मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्या प्रौढांमध्ये फुफ्फुसाचे गंभीर त्रास वाढले. याचा अर्थ असा की या पेशी नुकसान करत असल्या तरी जंतूला फुफ्फुसात कोंडूनही त्याच ठेवतात. उपचार करताना ही कसरत कायम मनात असते. अॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आठवड्यातून तीनदा देतो ते स्यूडोमोनास मारायला नव्हे. त्यानं दाह सौम्य होतो आणि जंतूंचं आपसातलं संदेशवहन बिघडतं.

---

क्षितिजा

मला रिपोर्टबद्दल विचारायचं आहे. मुलाच्या रिपोर्टवर सहा औषधांपुढे "सेन्सिटिव्ह" लिहिलेलं असतं. त्यातलंच औषध 14 दिवस शिरेतून दिलं, मुलाला बरं वाटलं, आणि पुढच्या कल्चरमध्ये जंतू पुन्हा तसाच. मी प्रयोगशाळेवर भडकले होते. चुकीचा रिपोर्ट देतात असंच वाटलं मला.

---

अबोली

क्षितिजाताई, तुमचा राग समजतो. ही तफावत समजावून सांगायला कुणी बसत नाही, आमच्यापैकीही कुणी नाही. ही आमची चूक आहे.

आम्ही प्लेटवरची कॉलनी उचलतो, ती ताज्या माध्यमात मोकळी वाढवतो आणि मग औषध लावतो. भरपूर अन्न, भरपूर प्राणवायू, जंतू भराभर वाढतोय. तसा जंतू औषधानं मरतो, म्हणून आम्ही सेन्सिटिव्ह लिहितो. ते खोटं नसतं. पण फुफ्फुसातला त्याचाच भाऊ बायोफिल्मच्या तळाशी प्राणवायूविना अर्धवट निपचित पडलेला असतो. बहुतेक अँटिबायोटिकं वाढणाऱ्या जंतूवर घाव घालतात. जो वाढतच नाही त्याच्यावर घाव बसत नाही. बायोफिल्ममधल्या जंतूला मारायला मोकळ्या जंतूच्या 100 ते 1000 पट औषध लागू शकतं. रक्तातून एवढी मात्रा पोचवली तर मूत्रपिंड आणि कान जातील. म्हणून टोब्रामायसिन श्वासावाटे देतात, त्यामुळे कफात मात्रा खूप वाढते आणि रक्तात कमी राहते.

दुसरं कारण, एका बेडक्यात एकच स्यूडोमोनास नसतो. एकाच पूर्वजाची वंशावळ, पण फुफ्फुसाच्या वेगवेगळ्या कप्प्यांत वेगवेगळी वाढलेली. त्यातल्या काहींची डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणाच बिघडलेली असते, त्यामुळे त्यांच्यात उत्परिवर्तनं कैक पटींनी होतात. 2000 सालच्या एका स्पॅनिश अभ्यासात 30 पैकी 11 सीएफ रुग्णांत असे जंतू सापडले. मी प्लेटवरून उचलते त्या दोन-तीन कॉलनी. बाकीच्यांबद्दल रिपोर्ट गप्प असतो.

मुलाला बरं वाटलं ना, तो उपचाराचा खरा परिणाम आहे. जंतूंची संख्या आणि दाह दोन्ही उतरतात. पुढचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून ते 14 दिवस वाया गेले असं समजू नका.

---

रानवारा

यालाच जोडून दूरदिवांसाठी. पहिल्यांदा येणारा स्यूडोमोनास बहुधा बाहेरून, पाणी-मातीतून आलेला असतो. म्युकॉइड नाही, शेपटी शाबूत, औषधाला नरम. त्याच वेळी गाठला तर बहुतेकदा घालवता येतो. कल्चर चुकवू नका असं आम्ही घोकून सांगतो ते यासाठी. मूल ठणठणीत दिसतंय म्हणून तपासणी पुढे ढकलली जाते, आणि याच काळात जंतू वेश बदलत असतो.

---

निळी_शाई

मला स्वतःला सीएफ आहे, वय 29. नवी तीन औषधांची एकत्र गोळी सुरू होऊन दोन वर्षं झाली. आधी सकाळी उठल्यावर पाऊण तास खोकण्यात जायचा. घरातले माझ्या खोकल्यावरून वेळ ओळखायचे. गोळी सुरू केल्यावर पहिल्याच आठवड्यात एका सकाळी जागी झाले आणि खोलीत आवाजच नव्हता. मला भीती वाटली. श्वास चालू आहे ना, म्हणून छातीवर हात ठेवून पाहिला.

आता कल्चरला द्यायला बेडकाच निघत नाही. घशातून काडी फिरवून नमुना घेतात आणि तो निगेटिव्ह येतो. माझा स्यूडोमोनास गेला असं समजू का? नेब्युलायझर बंद करावंसं फार वाटतं.

---

अबोली

निळी_शाई, तुमची ती सकाळ वाचून डोळे भरून आले.

ती गोळी, एलेक्साकॅफ्टर, टेझाकॅफ्टर आणि आयव्हाकॅफ्टर, 2019 मध्ये आली. ती दारच दुरुस्त करते, म्हणून कफ ओला होतो, सरकू लागतो आणि जंतूंची संख्या खूप घटते. पण त्या गोळ्यांवर असलेल्या रुग्णांचे बेडके काळजीपूर्वक तपासले तेव्हा अनेकांमध्ये तोच जुना वंश कमी संख्येनं टिकून असल्याचं दिसलं. आधी रुंदावलेल्या श्वासनळ्या गोळीनं पूर्ववत होत नाहीत, आणि तिथल्या खोलगट जागा त्याला पुरतात. घशाच्या काडीवर न सापडणं म्हणजे खाली नसणं नव्हे. मिठाच्या पाण्याची वाफ देऊन बेडका काढता येतो, ते तुमच्या टीमला विचारून पाहा.

---

रानवारा

सहमत. नेब्युलायझर स्वतःहून बंद करू नका. ज्यांचं फुफ्फुस चांगलं आहे अशांनी गोळी घेताना मिठाच्या पाण्याचं नेब्युलायझर किंवा डॉर्नेज थांबवलं तर काय होतं, यावर अभ्यास झाला आहे आणि अल्पकाळात फारसं बिघडलं नाही. पण तो निष्कर्ष श्वासावाटे घ्यायच्या अँटिबायोटिकला लावू नये, आणि ब्राँकिएक्टेसिस जास्त असलेल्यांनाही लावू नये.

---

क्षितिजा

अबोली, तुमचं उत्तर छापून मुलाच्या फाइलला लावलं आहे. सीएफच्या दोन मुलांनी एकत्र खेळू नये म्हणतात तेही याच कारणानं का?

---

अबोली

हो. एका फुफ्फुसात वर्षानुवर्षं तयार झालेला जंतू दुसऱ्यात गेला तर तिथे तो पहिल्या दिवसापासूनच मुरलेला असतो. लिव्हरपूलमध्ये 1990 च्या दशकात मुलांच्या एका सीएफ केंद्रात असा एकच वंश अनेकांमध्ये सापडला. बर्कहोल्डेरिया नावाचा दुसरा जंतू तर त्याहून घातक, काहींमध्ये काही आठवड्यांत रक्तापर्यंत पोचणारा. म्हणून अंतर ठेवायला सांगतात. फोनवर, व्हिडिओवर हवं तितकं भेटू द्या त्यांना.

बहिणीनं धागा वाचला. भाच्यालाही वाचून दाखवला, कारण त्यानं हट्टच धरला. त्याचा रात्री मला फोन: "मावशी, माझ्या जंतूची शेपटी गेलीय का?" मी म्हटलं, तपासल्याशिवाय कसं सांगू. तर म्हणाला, "मग तपास ना."

पुढचा नमुना सोमवारी येतोय. वरिष्ठांची परवानगी घेतली आहे. म्युकॉइड आणि साध्या कॉलनी वेगवेगळ्या उचलून मऊ आगरच्या (जेलीसारख्या माध्यमाच्या) प्लेटवर मधोमध टोचून ठेवीन. पोहता येणारा जंतू एका रात्रीत गोल पसरतो, न येणारा टोचल्या ठिकाणीच ठिपका होऊन राहतो. आठवड्याअखेरीस त्याला फोटो पाठवते.